क्लचचे रोलर ‘कुठलेही चालतात’? नाही चालत!

किकवाला: काल इथे चेनकव्हर यांनी लिहिलं, "जुन्या ट्रायम्फ मोटरसायकलच्या क्लच बास्केटला कुठलेही पाव इंची रोलर चालतात. नसतील तर ६ मिमीचे टाका, ग्रीस भरा, विषय संपला." अहो, पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी! ६ चे टाकलेत तर बास्केट (क्लचच्या प्लेटा धरणारं भांडं) हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, ०.७ मिमी डुगडुगणार, प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लचकडे येणारी) क्षणात ताठ, क्षणात ढिली. आणि व्यासाइतकीच लांबीही मोजा. रोलर केसभर लांब असला तरी बास्केट बाजूने आवळते, मग लिव्हर दाबूनही क्लच सुटत नाही.

चेनकव्हर: ६ मिमीचं मागे घेतो. लांबीचं मात्र उगाच ताणताय. वडिलांच्या गाडीत बाजारातले साधे रोलर आहेत, न्यूट्रल अजून अलगद लागतो.

किकवाला: तिथला थ्रस्ट वॉशर (बास्केटला बाजूने टेकणारी चकती) झिजला असेल, म्हणून खपलं. नवा वॉशर टाकून बघा.

सीलबंद: नॉर्टन कमांडो मोटरसायकलवाल्यांना ही कटकटच नाही. बॉल बेअरिंग घ्या, दोन्हीकडून सीलवालं, सी३ (आत नेहमीपेक्षा जरा जास्त ढील असलेलं).

तेलकट: सी३ कशाला? गाडी चालताना बास्केट आणि हब एकत्रच फिरतात. बेअरिंगला काम पडतं ते क्लच दाबल्यावर.

सीलबंद: घट्ट बसवल्यावर आतली ढील कमी होते, म्हणून सी३.

तेलकट: बरं, फिट खरंच घट्ट असेल तर मान्य. पण प्रायमरीत (त्या चेनच्या पेटीत) तेल असताना सील लावून ते अडवायचं कशाला? खरं दुखणं तेलाचंच आहे. लोक कारचं इंधन-बचतवालं, निसरडी रसायनं घातलेलं तेल ओततात, क्लच घसरला की स्प्रिंगा आवळतात. माझ्या गाडीला एका गॅरेजने तेच केलं. लिव्हर दगडासारखा झाला, क्लच घसरायचा तो घसरतच राहिला. जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचच्या मोटरसायकलसाठीचा तेलाचा दर्जा) लिहिलेलं तेल घातलं आणि थांबला.

चेनकव्हर: जासो एमए १९९८ मध्ये आलं. त्याआधी ह्या गाड्या धावत नव्हत्या?

तेलकट: धावत होत्या, कारण तेव्हाच्या साध्या तेलात ही निसरडी रसायनं नव्हती! डब्यावरचं वाचा तरी.

चेनकव्हर: आवाज चढवू नका. तेलाचं पटलं, तुमच्या बोलण्याची रीत नाही पटली.

किकवाला: तेलाचा वेगळा धागा काढा! सीलबंद, तुम्ही बेअरिंग हातोडीने ठोकता का?

सीलबंद: आतल्या कड्यावर कधीच नाही. घाव छर्ऱ्यांमधून जातो, रेसवर (छर्रे धावतात त्या खोबणीवर) खड्डे पडतात. बास्केट तापवून बाहेरच्या कड्यावर प्रेस करतो.

किकवाला: हे बरोबर. सीलचं अजूनही पटत नाही.