लिथुआनिया उभा राहिला, मग क्री लोकांचं काय अडलं?

उत्तरध्रुव (धागाकर्ता)

चार वर्षं लिथुआनियात कौनसला नोकरी केली, आता सहा वर्षं कॅनडात एडमंटनला आहे. लिथुआनिया आणि इथले मूलनिवासी क्री लोक, ही एक तुलना डोक्यातून जात नाही. मांडतो, झोडपायचं ते झोडपा.

लिथुआनिया म्हणजे साधारण मराठवाड्याएवढा देश. १९४० ला सोव्हिएत रशियाने गिळला, मग जर्मन आले, मग पुन्हा रशिया. लाखाच्या वर माणसं सैबेरियाला पाठवली गेली. ११ मार्च १९९० ला स्वातंत्र्य जाहीर केलं, तर मॉस्कोने सव्वा महिन्यात तेल तोडलं. १३ जानेवारी १९९१ ला विल्नियसच्या टीव्ही टॉवरपाशी रणगाड्यांपुढे माणसं उभी राहिली, १४ जण गेले. १९९२ ला महागाई हजार टक्क्यांच्या पुढे. २००४ ला युरोपीय संघात शिरले तेव्हा दरडोई उत्पन्न, खरेदीक्षमतेच्या हिशेबाने, संघाच्या सरासरीच्या निम्मं होतं. आज ते नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे.

आता माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर मास्क्वासिस आहे. क्री लोकांच्या चार नेशन्स, म्हणजे आपापला कारभार असलेले गट, तिथे शेजारी-शेजारी राहतात. १९५२ ला त्यांच्या जमिनीखाली तेल सापडलं. पुढे एवढा पैसा आला की पोरांच्या हातात अठराव्या वाढदिवशी गठ्ठा पडायचा. आणि आज? एका घरात तीन-तीन कुटुंबं, टोळ्या, व्यसनं. इथे मिळालेल्या पैशाने गावाचं भलं झालेलं मला तरी दिसत नाही.

भरडले दोघंही गेले. एकाने झटून संसार उभा केला, दुसऱ्याला आयतं मिळालं आणि तो बसला. चुकत असेन तर सांगा.

खडूस_मास्तर

चुकताय, आणि बरंच चुकताय.

लिथुआनिया हे राष्ट्र आहे. त्याला सीमा, संसद, लष्कर सगळं आहे. क्री हा साडेतीन लाख लोकांचा समाज, क्वेबेकपासून आल्बर्टापर्यंत पसरलेला, शंभरावर तुकड्यांत वाटलेला. त्यांच्यावर १८७६ चा इंडियन ॲक्ट, म्हणजे मूलनिवासींसाठीचा वेगळा कायदा आहे, अजूनही आहे. रिझर्व्हची, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेली जमीन त्यांच्या नावावर नाही, ती राजसत्तेची, यांना फक्त वापर. ती गहाण टाकून बँकेकडून कर्ज काढता येत नाही. आपल्याकडे साधा टपरीवालाही सातबारा पुढे करून चार पैसे उचलतो, इथे सातबाराच नाही. १९२७ ते १९५१ जमिनीच्या दाव्यासाठी पैसे गोळा करणं आणि वकील लावणं हा गुन्हा होता. नेशनमधलं स्थान न सोडता केंद्रात मतदानाचा हक्क मिळाला १९६० ला.

आणि शाळा. सोव्हिएत राजवट क्रूर होतीच, पण लिथुआनियात शाळा लिथुआनियन भाषेत चालत होत्या. विल्नियसचं विद्यापीठ १५७९ चं. म्हणजे १९९० ला जे सरकारात बसले ते आपल्या भाषेत शिकलेले डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक होते. त्याच काळात कॅनडात मूलनिवासींची मुलं घरातून उचलून निवासी शाळांत कोंडली जात होती. मायबोलीत बोललं की मार. एकूण दीड लाखाच्या आसपास मुलं त्या शाळांतून गेली. पोपने येऊन माफी मागितली ती २५ जुलै २०२२ ला, तुमच्या त्याच मास्क्वासिसमध्ये. तुम्ही तेव्हा एडमंटनलाच होतात ना?

टक्केटोणपे

मास्तर, इतिहास मान्य. पण इतिहास सगळ्यांनाच असतो. २००९ मध्ये लिथुआनियाची अर्थव्यवस्था एका वर्षात जवळपास १५ टक्क्यांनी आकसली. त्यांनी चलनाची किंमत पाडली नाही. पगार कापले, पेन्शनी कापल्या, लोकांनी दगडं मारली, तरी रेटलं. ह्याला म्हणतात पोटाला चिमटा. कॅनडाचं सरकार दरवर्षी अब्जावधी डॉलर ओततंय आणि गळतंय कुठे ते कुणी विचारायचं नाही, विचारलं की वंशवादी.

धागाकर्त्याशी सहमत.

खडूस_मास्तर

@टक्केटोणपे, युरोपीय संघाने लिथुआनियात रस्ते, सांडपाणी, शाळांच्या इमारती यांच्यावर जो निधी ओतला तो काय त्यांनी घाम गाळून मिळवला होता? तोही बाहेरून आलेलाच पैसा. फरक एवढाच की तो कुठे लावायचा यात विल्नियसचा शब्द चालत होता.

मास्क्वासिसचं उलटं उदाहरण घ्या. तेलाची रॉयल्टी नेशनच्या तिजोरीत गेली नाही, ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, 'विश्वस्त' म्हणून ठेवून घेतली. त्यावर व्याज मिळायचं सरकारी रोख्यांच्या दराने. नेशन्स कोर्टात गेल्या की बाबांनो, नीट गुंतवला असता तर केवढा झाला असता. २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: कायद्यानुसार सरकारला तो पैसा गुंतवण्याची मुभाच नव्हती. कायदा कुणाचा? सरकारचाच. म्हणजे पैसा तुमचा, किल्ली माझी, आणि वाढला नाही तर दोष तुमच्या स्वभावाचा.

पिवळा_दिवा

विश्वस्त, रोखे, किल्ली… सहकारी पतपेढीच्या वार्षिक सभेत बसल्यासारखं वाटलं.

सुईदोरा

मी विल्नियसला नऊ वर्षं आहे. मुळात 'उभा राहिला' म्हणताय तो कोण, ते आधी ठरवा. १९९० च्या सुमाराला इथे ३७ लाख लोक होते, आज २८-२९ लाख. जे गेले ते लंडनला, डब्लिनला, ऑस्लोला. कुणी पॅकिंग करायला, कुणी मासे कापायला. माणसं कमी झाली की दरडोई आकडा आपोआप थोडा उजळ दिसतो. विल्नियसमध्ये काचेच्या इमारती आहेत, जुने कपडे विकणाऱ्या व्हिंटेडसारख्या कंपन्या आहेत. पण शनिवारी गाडी काढून पूर्वेच्या सीमेकडे जा. इग्नालिनाची अणुभट्टी युरोपीय संघात येण्याच्या अटीपायी २००९ च्या शेवटी बंद केली. तिच्यासाठी वसवलेल्या विसागिनासमध्ये फिरताना रिकाम्या खिडक्या मोजत बसाल.

आणि आत्महत्या. हा देश वर्षानुवर्षं युरोपीय संघात त्या यादीत सर्वांत वर राहिला. नव्वदच्या दशकाशी तुलना करता प्रमाण आता बरंच खाली आलंय. दारूची जाहिरात बंद झाली, खरेदीचं वय २०१८ पासून २० केलं, त्याचाही वाटा असेल. पण स्वतःचा देश, स्वतःचं सरकार, स्वतःची भाषा असूनही ही जखम होतीच. त्यामुळे क्री गावांतल्या आत्महत्यांकडे बोट दाखवून 'त्यांचा स्वभाव' म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार.

अवांतर: इथली एक म्हण आहे, 'दिएवस दावे दांतिस, दुओस इर दुओनोस'. देवाने दात दिले, भाकरीही देईल. पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. आमची आजी म्हणायची, चोच दिली तो चारा देईल.

टक्केटोणपे

@सुईदोरा, २०१९ पासून तिथे येणारे जाणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत, तेही सांगा की. लोक परततायत म्हणजे काहीतरी बरं चाललंय.

सुईदोरा

परततायत, खरंय. माझा शेजारी बर्गनहून परत आला. त्यात युक्रेन आणि बेलारूसहून आलेलेही पुष्कळ आहेत, ते वजा करून बघा.

रानवाटा

मॉन्ट्रियलहून. कामासाठी तीन वेळा चिसासीबी या क्री गावाला जाऊन आलेय, म्हणून लिहायचं धाडस करते.

सगळे क्री मास्क्वासिससारखे आहेत हे गृहीतच चूक आहे. तुलना करायचीच तर क्रींची क्रींशी करा.

जेम्स बे या उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर आणि आत जंगलात क्वेबेकचे क्री राहतात, आपल्या मुलखाला ते ईयू इस्ची म्हणतात. १९७१ ला मुख्यमंत्री बुरासा यांनी तिथल्या नद्यांवर प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. क्रींना कुणी विचारलंही नाही. बिली डायमंड नावाच्या विशीतल्या पोराने लोकांना एकत्र केलं आणि कोर्टात गेले. नोव्हेंबर १९७३ ला न्यायमूर्ती मालूफ यांनी काम थांबवण्याचा हुकूम दिला. आठवड्याभरात वरच्या कोर्टाने तो उठवला. पण तोवर सरकारला कळलं होतं की हे प्रकरण अंगाशी येणार. ११ नोव्हेंबर १९७५ ला करार झाला. त्यातून क्रींचं स्वतःचं शाळा मंडळ आलं, आरोग्य मंडळ आलं. शिकारीवर जगणाऱ्या कुटुंबांना जंगलात काढलेल्या दिवसांप्रमाणे उत्पन्न मिळण्याची सोय झाली. नुकसानभरपाईच्या पैशातून विमान कंपनी काढली, एअर क्रीबेक. मी तिच्यातूनच गेले होते.

मग १९९० ला ग्रेट व्हेल या पुढच्या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध अर्धी होडी, अर्धी कयाक अशी 'ओडेयाक' वल्हवत ते थेट न्यूयॉर्कपर्यंत गेले. न्यूयॉर्कने वीज घ्यायचा करार रद्द केला आणि १९९४ ला प्रकल्प गुंडाळला. २००२ ला क्वेबेकबरोबर नवा करार झाला, ५० वर्षांत साडेतीन अब्ज डॉलर, जंगल आणि खाणींच्या कारभारात वाटा.

हे आयतं बसून खाणं असेल तर मग अवघड आहे.

धरणकाठ

@रानवाटा, वाचून वेगळंच वाटलं. आमच्या आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. पाणी भरलं साठच्या दशकाच्या सुरुवातीला, महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला १९७६ ला. गाव बुडाल्यावर. मग त्या क्रींना धरण बांधून व्हायच्या आत एवढं कसं पदरात पडलं? नुसता एक तडफदार पोरगा असून भागत नाही, तसे आमच्याकडेही होते.

खडूस_मास्तर

फार नेमका प्रश्न. उत्तर कागदात आहे.

तो उत्तरेकडचा मुलूख १९१२ ला क्वेबेकला जोडला गेला तेव्हा अट होती की तिथल्या मूलनिवासींचे हक्क आधी रीतसर करार करून मिळवावेत. क्वेबेकने साठ वर्षं ते केलंच नाही. म्हणजे १९७१ ला क्रींनी कुठेच अंगठा दिलेला नव्हता. त्यांच्याकडे विकायला, अडवायला काहीतरी शिल्लक होतं.

जेम्स बेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओंटारिओत, त्यांचेच भाऊबंद आहेत. त्यांच्याकडून १९०५-०६ ला, उत्तरेकडच्यांकडून १९२९-३० ला, नववा करार करून घेतला. मोबदला माणशी वर्षाला चार डॉलर. चारच, आजही. त्यातलं एक गाव अटावापिस्काट. २०११ ला कडाक्याच्या थंडीच्या तोंडावर लोक तंबूत आणि शेडमध्ये राहतायत म्हणून आणीबाणी जाहीर केली. सरकारने पैशाच्या कारभारावर बाहेरचा माणूस बसवला, तो निर्णय पुढच्या वर्षी कोर्टाने अवाजवी ठरवला. एप्रिल २०१६ ला एका रात्रीत ११ जणांनी जीव द्यायचा प्रयत्न केला.

आणि या गावापासून ९० किलोमीटरवर २००८ ते २०१९ हिऱ्याची खाण चालू होती. २०१३-१४ ला खाणकंपनीने ओंटारिओला रॉयल्टी भरली २२६ डॉलर. हजार, लाख असं पुढे काही नाही. दोनशे सव्वीस.

एकच समाज, एकच उपसागर, समोरासमोरचे किनारे. स्वभावाचा सिद्धांत आता कुठे बसवायचा ते टक्केटोणपे यांनी सांगावं.

टक्केटोणपे

सांगतो. पूर्व किनाऱ्यावर त्यांनी स्वतःच्या संस्था काढल्या, धंदे काढले, म्हणून चाललं. म्हणजे शेवटी मी म्हणतो तेच झालं.

खडूस_मास्तर

संस्था काढायला आधी अधिकार लागतो आणि अधिकार मिळवायला हातात हुकमाचा पत्ता लागतो. बैल आधी का गाडी आधी ते ठरवा.

उत्तरध्रुव

बऱ्याच गोष्टी माहीत नव्हत्या. 'आयतं मिळालं आणि बसला' हे वाक्य मागे घेतो. व्याजाची भानगड तर तासाभरावर राहून ठाऊक नव्हती, लाज वाटली.

पण एक प्रश्न उरतो. @रानवाटा, चिसासीबीला तरी सगळं आलबेल आहे का?

रानवाटा

आलबेल कुठलं! चिसासीबी हे गावच मुळात हलवलेलं. जुनं गाव नदीच्या मुखातल्या बेटावर होतं, प्रकल्पामुळे १९८०-८१ ला किनाऱ्यावर आणलं. बुडालेल्या झाडपाल्यामुळे जलाशयातल्या माशांत पारा वाढला, मग ज्यांचं अन्नच मासे त्यांना सांगितलं की जपून खा. सप्टेंबर १९८४ ला कॅनियापिस्को नदीत दहा हजार कॅरिबू (तिकडची रेनडियर हरणं) बुडाले. मधुमेह क्वेबेकच्या सरासरीच्या कितीतरी पुढे आहे. घरं कमीच पडतात, पोरं भराभर वाढतायत. २००२ च्या करारावर लोकांनी मत दिलं तेव्हा जिंकला खरा, पण त्यात रूपर्ट नदी वळवायला होकार होता आणि तो अजून काहींच्या घशात अडकलेला आहे. माझ्याबरोबर काम करणारा एक जण म्हणाला होता, आम्ही नदी विकून शाळा घेतली. कौतुकाने म्हणाला की कडवटपणे, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

पिवळा_दिवा

लिथुआनियन म्हण झाली, तर क्रींचंही काहीतरी येऊ द्या. समतोल राखा.

खडूस_मास्तर

क्री लिपी बघा. १८४० च्या सुमाराला जेम्स एव्हान्स या मिशनऱ्याने तिचा प्रसार केला, क्री परंपरा मात्र ती आपल्याच एका माणसाला मिळाली असं मानते. एकच आकृती चार दिशांना फिरवायची, दिशा बदलली की स्वर बदलतो. म्हणजे फिरती बाराखडीच. तिच्यावर देवनागरीची छाप आहे असं काही अभ्यासक म्हणतात. काही दशकांत क्री लोक आपापसात शिकवून लिहू-वाचू लागले होते. तिकडे झारने १८६४ ते १९०४ लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन पुस्तकांवर बंदी घातली, तर लोक प्रशियातून पाठीवर पुस्तकं लादून चोरून आणत. तुलना करायचीच तर ही करा.

उत्तरध्रुव

ही करायला आवडेल. @रानवाटा, त्या तुमच्या सहकाऱ्याला विचाराल का, नदीचं ते वाक्य त्याने कुठल्या अर्थाने म्हटलं होतं? त्याची हरकत नसेल तर इथे लिहा.

रानवाटा

मेसेज टाकलाय. पण मे चालू आहे, रानहंस आलेत. तिथे या दिवसांत शाळा-कचेऱ्या दोन आठवडे बंद असतात, अख्खं गाव शिकारीच्या तळांवर जातं. तो परतला की कळवते.