मदत हवी आहे : दाजीपूर–फोंडा घाट आणि परतीचा करूळ घाट

सप्रेम नमस्कार. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरून कणकवलीला मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी तळेरे, वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा असे परतावे, असा आमचा विचार आहे. वडिलांना राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले राधानगरी धरण पुन्हा एकदा डोळे भरून पाहायचे आहे. त्यामुळे तिथे घाई करायची नाही, हे ठरलेले आहे.

माझी खरी चिंता दाजीपूरच्या पुढच्या रस्त्याची आहे. हे गव्यांचे जंगल असल्याने, आणि तिन्हीसांजेला किंवा धुक्यात वळणावर अचानक गवा समोर आला तर गाडी आवरणे अवघड असल्याने, घाट दुपारी तीनच्या आत उतरावा असे मला वाटते. हा अंदाज योग्य आहे का? पावसाळ्यानंतर दरडी आणि खड्ड्यांची स्थिती सध्या कशी आहे? राधानगरी सोडल्यावर पेट्रोल पंप, मोबाईलची रेंज आणि ज्येष्ठांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल? आमची गाडी लहान हॅचबॅक आहे आणि आईला वळणांचा त्रास होतो, म्हणून सुरक्षितपणे थांबता येईल अशा जागाही कृपया सुचवाव्यात.

करूळ घाट वाहतुकीसाठी बंद असल्यास भुईबावडा घाटाने गगनबावड्याला चढणे लहान गाडीला झेपेल का, हे अलीकडे तिकडून गेलेल्यांनी अवश्य कळवावे.