आठ फुटी चाकाचं गणित

प्रश्न असा, की इंग्लंडच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेवरच्या स्टर्लिंग ‘सिंगल’ या वाफेच्या इंजिनाला एवढं मोठं चाक कशाला? ८ फूट १ इंच व्यासाचं चाक एका फेरीत पंचवीस फुटांहून जास्त अंतर कापतं, म्हणजे वेग वाढला तरी सिलिंडरमधल्या दट्ट्याची (पिस्टनची) धावपळ कमी. सिलिंडर चाकांच्या मधे न ठेवता बाहेर घेतल्याने बॉयलरही फार वर चढवावा लागला नाही. १८७० ते १८९५ या काळात डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात अशी ५३ इंजिनं बनली. १८९५च्या रेल्वे कंपन्यांच्या लंडन-ॲबर्डीन शर्यतीतही ती धावली. पण ओढायला चाकांची एकच जोडी! डबे जड होत गेले आणि ओल्या रुळांवर चाक जागच्या जागी गरगरायला लागलं. पहिलं इंजिन, ‘नंबर १’, अजून जपून ठेवलंय. देखणंच आहे, फक्त घुमट नसलेला तो बॉयलर मला कायम टकलू वाटतो.