निराधार स्त्रिया आणि मुलांच्या संस्थांना मदत: दिल्यानंतर पुढे काय झालं? (अनुभव धागा)

बेघर बायकांसाठी निवारा चालवणाऱ्या, किंवा ज्यांच्या घरी सांभाळायची परिस्थिती नाही अशा मुलांना बघणाऱ्या छोट्या संस्था जवळपास सगळीकडे असतात. आपल्यातले बरेच जण त्यांना काही ना काही देतात. पैसे, कपडे, रविवारची सकाळ. दिल्यावर त्याचं पुढे काय होतं हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. देणाऱ्यांनी लिहा, संस्थेत काम करणाऱ्यांनी लिहा, आणि कधी घेणाऱ्या बाजूला होतात तर तुम्ही तर लिहाच.

दोन पथ्यं पाळूया. संस्थेचं नाव नको. आणि कुणाचीही ओळख पटेल असं काही नको, फोटो तर नकोतच. 'किती छान काम करता' एवढंच म्हणायचं असेल तर ते मनात म्हटलं तरी पोचेल.

गाठोडं

मी बायकांच्या निवाऱ्यात आलेल्या वस्तू निवडायचं काम करते. पोती सोडायची, झटकायची, ढीग लावायचे: वापरण्याजोगं, दुरुस्तीचं, पुसायला, फेकायला. फेकायचा ढीग बहुतेक वेळा सगळ्यात मोठा असतो आणि तो उचलून न्यायचे पैसे संस्थेच्याच खिशातून जातात. २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावरच्या वस्त्यांजवळ न वापरलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते, तेव्हा ते वाचून नवल वाटलं होतं. आता वाटत नाही.

कपड्यांना आमच्याकडे कधीच तोटा नसतो. तुटवडा असतो अंतर्वस्त्रांचा, आणि ती नवीच लागतात. (हे लिहावं लागतंय यावरून समजा.) मोठी मापं मिळत नाहीत, कारण लोक स्वतःला होत नाही ते देतात, म्हणजे लहान. पॅडचंही तसंच. रस्त्यावर राहणाऱ्या बाईला धुवायची-वाळवायची सोय नसते, तिला टाकून द्यायचे लागतात. निवाऱ्यात थोडी स्थिरावलेली बाई धुऊन वापरायचे कापडी मागते. एकाच प्रकारची खोकी भरभरून आली तर निम्म्या जणींच्या उपयोगाची नसतात.

आणि एक गोष्ट कुणीच देत नाही. चेन असलेली मजबूत पिशवी आणि तिला लावायचं छोटं कुलूप. नवी आलेली बाई बऱ्याचदा जेवणाच्या आधी हे मागते. जे काही उरलंय ते रात्री उशाशी ठेवायचं असतं.

दरमहा

माझा अनुभव अगदी मिळमिळीत आहे. पगार झाला की ठरावीक रक्कम आपोआप एका बालगृहाला जाते. बघायला गेलो नाही, फोटो मागितला नाही. वर्षाला पावती येते ती फाईलला लावतो. बायको म्हणते यात भावना कुठे आहे? नाहीये.

जमाखर्च

'दरमहा' साहेब, तुमच्यासारखे देणगीदार आम्हाला देवासारखे. मी एका छोट्या संस्थेचा खजिनदार आहे, मानद, त्यामुळे थोडं मोकळेपणाने लिहितो.

देणगी दोन प्रकारची येते. एक ठरावीक कामासाठी बांधलेली, ती दुसरीकडे वापरता येत नाही. दुसरी मोकळी. पहिली भरपूर येते. खोली बांधायला येते, संगणक घ्यायला येते, भिंतीवर नावाची पाटी लागेल अशा प्रत्येक गोष्टीला येते. विजेचं बिल भरायला, पाण्याचा पंप दुरुस्त करायला, रात्रपाळीच्या बाईंचा पगार द्यायला कुणी येत नाही. एका वर्षी आमच्याकडे नवे कोरे संगणक होते आणि ते ठेवलेल्या खोलीचं छत गळत होतं. छतासाठी पैसे मागितले की लोक विचारत, संगणकांना काही झालं का?

मुलांचं घर चोवीस तास चालतं. एक काळजीवाहिका आजारी पडली की दुसरीला लागोपाठ दोन पाळ्या. तिसऱ्या महिन्यात ती नोकरी सोडते. मग मुलांच्या आयुष्यातून आणखी एक माणूस गेलं, आणि हे ताळेबंदात कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

नवा देणगीदार पहिला प्रश्न ठरलेला विचारतो: प्रशासकीय खर्च किती टक्के? २०१३ साली गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि आणखी एका अमेरिकन संघटनेने, म्हणजे ज्यांचं कामच संस्थांची पारख करणं आहे त्यांनी, देणगीदारांना उघड पत्र लिहून सांगितलं की नुसत्या या टक्केवारीवरून संस्था जोखू नका. मी तर म्हणतो, उलट विचारा: मुलांना सांभाळणारी माणसं तुमच्याकडे सरासरी किती वर्षं टिकतात? आम्हाला घाम फुटेल, पण प्रश्न योग्य आहे.

अनामिका

मी घेणाऱ्या बाजूची. घर सोडलं तेव्हा अंगावरचे कपडे आणि फोन होता, कागद एकही नव्हता. निवाऱ्यात जागा मिळाली, पोटाचं भागलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण कागद नसले की माणूस किती अडतं ते तिथे कळलं. काम द्यायला एक बाई तयार होत्या, पण पगार बँकेतच जमा करणार. बँक पत्त्याचा पुरावा मागणार. पत्ता निवाऱ्याचा सांगितला की खिडकीपलीकडचा आवाज बदलणार. आणि जुने कागद ज्या घरात, तिथे पाऊल टाकायची सोय नाही.

आमच्याकडे एक निवृत्त बाई यायच्या. आम्ही मॅडम म्हणायचो, त्या म्हणायच्या मावशी म्हणा. वस्तू म्हणून त्यांनी काही आणलेलं मला आठवत नाही. त्या अर्ज लिहायच्या आणि सोबत रांगेत उभ्या राहायच्या. समोरच्याने "उद्या या" म्हटलं की शांतपणे म्हणायच्या, "काय कमी आहे तेवढं लिहून द्या." लिहून द्यायची वेळ आली की काम बरेचदा त्याच दिवशी व्हायचं. हातात ओळखपत्र पडलं त्यानंतर बाकीच्या गोष्टी मी केल्या, त्या मला करता येत होत्या.

फोटोबद्दल. चादर देताना दोघांनी मिळून धरायची आणि कॅमेऱ्याकडे बघायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. पण मी कुठे आहे हे ज्याला कळू नये म्हणून मी निघाले होते, त्याच्याही फोनवर तो फोटो जाऊ शकतो. मी चादर परत ठेवून आत गेले. उद्धट ठरले, ठरू दे.

जमाखर्च

अनामिकाताई, तुमचं वाचून आमच्या कार्यकारिणीपुढे फोटोंचा विषय घेतोय. वार्षिक अहवालात पाठमोरे फोटोही नकोत असं मी आधी म्हटलं होतं, तेव्हा 'मग देणगी कशी येणार' असं उत्तर मिळालं होतं.

पायरी

अनामिका, तुमचा कागदांचा मुद्दा घरालाही लागू आहे. आधी व्यसन सोडा, उपचार घ्या, नोकरी मिळवा, मग घराचं बघू, असाच क्रम सगळीकडे लावलेला असतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी 'पाथवेज टू हाउसिंग' ही संस्था काढून हा क्रम उलटा केला. आधी कुलूप लावता येईल असं घर, बाकीचं त्या माणसाच्या कलाने. फिनलंडने २००८ पासून त्याच धर्तीवर राष्ट्रीय कार्यक्रम घेतला. छोट्या संस्थेला घरं देणं झेपत नाही हे खरं. पण आमच्या गटाने कपडे गोळा करणं थांबवून एक केलं: निवाऱ्यातून बाहेर पडणाऱ्या बाईच्या भाड्याच्या खोलीची अनामत भरायची. खोली सोडताना ती परत मिळते, मग पुढच्या बाईला. काही वेळा घरमालक अनामत बुडवतो. ते धरूनच चालतो.

कात्री

मी केस कापते, निवाऱ्यात अधूनमधून जाते. एवढंच सांगते: काही बायकांना मागून कुणी जवळ आलेलं चालत नाही. म्हणून समोर मोठा आरसा ठेवते, माझे हात त्यांना सतत दिसले पाहिजेत. आणि प्रत्येक वेळी विचारते, आता मानेला हात लावू का? एखादी "नको" म्हणते. मग पुढचेच कापायचे.

अठरा पूर्ण

मी बालगृहात वाढलो. संस्था चांगली होती, बाई प्रेमळ होत्या, आज मी कमावतोय. तरी वाढदिवसांबद्दल लिहायलाच हवं.

लोक आपल्या मुलांचे वाढदिवस आमच्याकडे साजरे करायला यायचे. आम्हाला ओळीने बसवायचे. ओळखीचा नसलेला मुलगा केक कापायचा, आम्ही टाळ्या वाजवायच्या आणि गाणं म्हणायचं. त्याची आई त्याला सांगायची, बघ, तुला किती मिळालंय. ते आम्हाला ऐकू यायचं. आमच्यातल्या निम्म्यांची जन्मतारीख दाखल करताना अंदाजाने टाकलेली. माझीही. लहान होतो तोवर मजा वाटायची, केकशी मतलब. तेरा-चौदाचा झाल्यावर मी त्या वेळी पंप चालू करायला म्हणून मागे निघून जायचो.

खरी मदत लागली ती अठरा पूर्ण झाल्यावर, आणि तेव्हा कुणी नव्हतं. लहान मुलांसाठी लोक पटकन देतात. मिसरूड फुटलेल्या मुलासाठी देत नाहीत. खोली भाड्याने घ्यायला जामीन राहील असा मोठा माणूस लागतो. तापाने फणफणलो तर फोन करायला कुणीतरी लागतं. मला गणित शिकवायला येणारे एक काका होते, दर शनिवारी, न चुकता. तेच जामीन राहिले. आजही मी त्यांना शनिवारीच फोन करतो.

माहेरची बाग

मी मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते. वरच्या काकांच्या गोष्टीतला 'दर शनिवारी' हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

भेटीला आलेले लोक कौतुकाने सांगतात, मुलं किती लाघवी, लगेच येऊन बिलगली! दोन-तीन वर्षांचं मूल कुणाही अनोळखी माणसाला बिलगतं, तेव्हा मला काळजी वाटते. सांभाळणारी माणसं सतत बदलत राहिली की मूल हे शिकतं. रुमानियात बुखारेस्टला २००० साली एक अभ्यास सुरू झाला. सहा संस्थांमधली १३६ लहान मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून निम्म्या मुलांना पालक-कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्यांची मुलं आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवलं. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले: कुटुंबात गेलेल्यांची बौद्धिक वाढ स्पष्टपणे सरस, आणि जितक्या लवकर गेली तितका फरक जास्त.

शिवाय संस्थेतली कितीतरी मुलं अनाथ नसतातच. आई असते, कधी वडीलही असतात, भागवता येत नसतं. संयुक्त राष्ट्रांनी २००९ साली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यांत स्पष्ट म्हटलंय की केवळ गरिबी हे मुलाला आईबापांपासून दूर करायचं कारण असू नये.

दरमहा

मग मी बालगृहाला पैसे देणं बंद करू का?

माहेरची बाग

नाही हो! आज तिथे असलेल्या मुलांना उद्याही जेवायचंय. फक्त एकदा पत्र टाकून विचारा, मुलांना घरी परत पाठवायचं काही काम तुम्ही करता का? आईला पाळणाघराची किंवा शाळेच्या खर्चाची मदत करून मूल तिच्याजवळच ठेवणाऱ्या संस्थाही असतात. त्यांच्याकडे दाखवायला इमारत नसते, ओळीने बसलेली मुलं नसतात, म्हणून देणग्याही बेताच्या.

शंकेखोर

मला एकदा एका संस्थेने फसवलंय, म्हणून माझ्या खुणा सांगतो. हिशेब तपासलेले आणि मागितल्यावर दाखवणारे हवेत, हे झालंच. कार्यकारिणीत सगळे एकाच घरातले असतील तर मी निघतो. पण सगळ्यात मोठी खूण फाटकावर कळते. जिथे मला, एका अनोळखी पुरुषाला, 'या या' करून थेट मुलांच्या झोपायच्या खोलीपर्यंत नेलं, तिथे मी पुन्हा गेलो नाही. दुसऱ्या ठिकाणी ओळखपत्र मागितलं, कार्यालयातच बसवलं, मुलांना भेटायचं तर आधी पोलिस पडताळणी आणि मग कुणाच्या तरी देखरेखीखाली, असं सांगितलं. सोबतचे मित्र चिडले, 'आम्ही द्यायला आलोय की चोरायला?' मी तिथल्या तिथे पावती फाडली.

गाठोडं

+१. आमच्या फाटकावरच्या ताईंना रोज कुणी ना कुणी ओरडून जातं. त्यांना हे वाचून दाखवणार आहे.

उशिरा आलेला

सगळं वाचलं. पैसे फार नाहीत, शिकवायची हातोटी नाही. गाडी आहे, आणि रात्री उशिरापर्यंत जागा असतो. याचा कुणाला काही उपयोग?

गाठोडं

दादा, भरपूर. रात्री एखादीला दवाखान्यात न्यायचं झालं की आमची त्रेधा उडते. तुम्ही फक्त चालवायचं, बाईसोबत आमची काळजीवाहिका मागच्या सीटवर बसेल. तुमच्या जवळच्या निवाऱ्याला फोन करून असंच सांगा. ओळखपत्र, पडताळणी वगैरे मागतील, रागावू नका. फोन दुपारी करा, संध्याकाळी जेवणं असतात, कुणी उचलणार नाही.