बेटावरचे उंदीर मारल्यावर समुद्रातले मासे कसे काय वाढतेत?

मास्तर_माजलगाव
नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर विज्ञान शिकवतो. नववीला सागरी राखीव क्षेत्र समजावून सांगायलो होतो की समुद्राचा एक भाग आखून घेतेत, तिथं मासेमारी बंद करतेत, मग हळूहळू मासे वाढतेत. तर एक पोरगी उठली आन म्हणाली, सर मी वाचलंय की लांबच्या एका बेटावर हेलिकॉप्टरमधून औषध टाकून सगळे उंदीर मारले आन त्यानं समुद्रातले मासे पण वाढतेत म्हणे. मला उत्तर देता आलं न्हाई. उंदीर जमिनीवर, मासे पाण्यात, ह्यांचा संबंध काय? आन दुसरं, पोरं विचारायलेत की एक जीव वाचवायला दुसरे हजारो जीव मारायचे हे कसलं संवर्धन? हा प्रश्न मला खरंच बोचायलाय. कुणी ह्या विषयात काम केलेलं असलं तर जरा सविस्तर सांगा, उद्या-परवा वर्गात बोलायचंय.

प्रवाळ_नांदेड
सर, त्या पोरीला माझ्याकडून शाबासकी द्या, लई महत्त्वाची गोष्ट धरली तिनं. मी एमएस्सीला सागरी जीवशास्त्राकडं वळले ते ह्याच एका अभ्यासामुळं, म्हणून जरा मोठं लिहिते, कंटाळू नका.

चागोस नावाचा बेटांचा पुंजका आहे, मालदीवच्या दक्षिणेला, हिंदी महासागराच्या मधोमध. २०१० साली ब्रिटननं तिथला जवळपास ६ लाख ४० हजार चौरस किलोमीटर समुद्र राखीव केला, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त, आणि व्यापारी मासेमारी बंद केली. आता बघा, बंदी सगळीकडं सारखी, पाणी तेच, ऊन तेच, तरी काही बेटांच्या भोवती मासे भरपूर आणि काहींच्या भोवती कमी. फरक होता उंदरांचा. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथं नारळाच्या बागा लावायला सुरुवात झाली, जहाजांबरोबर काळे उंदीर उतरले, पण सगळ्याच बेटांवर पोचले नाहीत. २०१८ ला नेचर ह्या नियतकालिकात जो अभ्यास आला त्यात १२ बेटं घेतली होती, ६ उंदीर असलेली आणि ६ नसलेली. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची दाटी ७६० पट निघाली! सातशे साठ टक्के नाही, पट.

ह्याचं कारण असं की सुरय, नॉडी, बूबी हे पक्षी लाखो वर्षं अशा बेटांवर राहिले जिथं जमिनीवरून चालत येणारा शिकारीच नव्हता. कोणी जमिनीवर अंडं घालतं, कोणी बिळात, कोणी बुटक्या झाडावर. उंदीर आला तर काय करायचं हे त्यांना माहीतच नाही, घरट्यात बसलेल्या पिल्लाला उंदीर कुरतडतो आणि आई शेजारी बसून राहते.

आता माशांचा संबंध. हे पक्षी शेकडो किलोमीटर खुल्या समुद्रावर जाऊन मासे खातात आणि रात्री बेटावर येऊन शिटतात. आपण शेतात कोंबडखत टाकतो ना, तसंच ते, फक्त टाकणारा उडत येतो. उंदीर नसलेल्या ६ बेटांवर पक्ष्यांनी आणून टाकलेला नायट्रोजन उंदीरवाल्या बेटांच्या २५१ पट होता. पावसानं ते धुऊन समुद्रात जातं आणि प्रवाळाच्या खडकावर पोचतं. तिथल्या शेवाळात, स्पंजमध्ये, डॅमसेल माशाच्या अंगात हा पक्ष्यांचा नायट्रोजन ओळखता येतो, कारण त्याची समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंची) खूण वेगळी असते. मासे तिथं लवकर वाढतात, आणि एकूण माशांचं वजन ४८ टक्क्यांनी जास्त भरलं. शेवाळ खरवडून खाणारे मासे जास्त असले की प्रवाळाला बसायला जागा मोकळी राहते, म्हणजे समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं तरी परत उभं राहायला मदत होते. समुद्रावर कितीही बंदी घाला, बेटावर उंदीर राहिला तर हे सगळं वरच्या वरच तुटतं.

जालन्याचा_शेतकरी
ताईंनी मस्त सांगितलं. मी औषधाच्या बाजूनं बोलतो, कारण उंदीर मारणं दिसतं तितकं सोपं न्हाई हे आमच्याइतकं कुणाला माहीत. सोयाबीनच्या गंजीत झिंक फॉस्फाईड ठेवलं की पहिल्या रात्री काही मरतेत आन ज्याला थोडं खाऊन मळमळलं तो परत त्या आमिषाला तोंड लावत न्हाई, म्हणून तर आपण आधी दोन-चार दिवस नुसतं भरड-तेल खाऊ घालतो. शेतात थोडे राहिले तरी आपलं भागतं. बेटावर भागत न्हाई, एक गाभण मादी राहिली की सगळा पैसा पाण्यात. म्हणून तिथं रक्त गोठू न देणारं औषध वापरतेत, त्याचा परिणाम काही दिवसांनी होतो, उंदराला कळतच न्हाई कशानं झालं, सगळे खातेत. पण ते प्रत्येक उंदराच्या फिरण्याच्या जागेत पडायला पाहिजे, कडा-कपारीत सुद्धा, म्हणून हेलिकॉप्टर. गरम देशातल्या बेटांवर अजून एक पंचाईत, खेकडे! जमिनीवरचे खेकडे आमिष खाऊन टाकतेत आन त्यांना ते औषध बाधत न्हाई, म्हणून जास्तीचं टाकावं लागतं.

दक्षिण जॉर्जिया म्हणून अंटार्क्टिकाकडं बेट आहे, तिथं ३०० टनाच्या वर आमिष टाकलं आन २०१८ मध्ये उंदीरमुक्त जाहीर केलं, त्याआधी कुत्री फिरवून वास घेऊन तपासलं. पण पॅसिफिकमधल्या हेंडरसन बेटावर २०११ ला फसलं, ६० ते ८० उंदीर वाचले असावेत असा अंदाज आहे आन काही वर्षांत परत होते तेवढे झाले. हे पण पोरांना सांगा सर, की जमतंच असं न्हाई.

मास्तर_माजलगाव
दोघांचे पण लई आभार. पण माझ्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला न्हाई. औषधानं बाकीचे पक्षी मरत नसतील का?

प्रवाळ_नांदेड
मरतात सर, लपवण्यासारखं काही नाही. मेलेला उंदीर खाऊन शिकारी पक्षी मरू शकतो. म्हणून पॅसिफिकमधल्या गॅलापागोसच्या पिन्झोन बेटावर २०१२ ला औषध टाकायच्या आधी तिथले ससाणे पकडून पिंजऱ्यात सांभाळले आणि धोका गेल्यावर सोडले. त्याच बेटावर शंभराहून जास्त वर्षं एकही कासवाचं पिल्लू जगलं नव्हतं, उंदीर खाऊन टाकायचे. २०१४ च्या शेवटी पहिल्यांदा जंगलात जन्मलेली पिल्लं दिसली. मला विचाराल तर उंदराचा काहीच दोष नाही, त्याला माणसानं तिथं नेलं, आणि तो मरताना त्रास होतो हेही खरं. तरी मी मारण्याच्या बाजूनं आहे. कारण न मारणं म्हणजे दरवर्षी हजारो पिल्लं जिवंत कुरतडली जाऊ देणं, आणि ती आपल्याला दिसत नाहीत एवढंच. तुमच्या पोरांना हे पटलंच पाहिजे असं नाही, त्यांना भांडू द्या ह्यावर.

लातूर_ते_कवरत्ती
चागोसचं नाव निघालंच आहे तर अर्धी गोष्ट सांगून थांबू नका कृपा करून. त्या बेटांवर माणसं होती. १९६८ ते १९७३ च्या दरम्यान तिथल्या सगळ्या रहिवाशांना काढून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन टाकलं, कारण त्यातल्याच दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ करायचा होता. आणि मग २०१० ला समुद्र राखीव करताना त्या लोकांना परत यायचा रस्ता अजून अवघड केला. २०१५ ला आंतरराष्ट्रीय लवादानं सांगितलं की ते राखीव क्षेत्र ज्या पद्धतीनं जाहीर केलं ती समुद्री कायद्याला धरून नव्हती, मॉरिशसचे हक्क डावलले. २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं तर ब्रिटननं तिथून निघावं असंच मत दिलं. उंदरांचा अभ्यास खरा आहे, मला त्यात शंका नाही, पण "माणूस नाही म्हणून निसर्ग छान" असं पोरांच्या डोक्यात बसलं तर वाईट वाटेल.

मी लक्षद्वीपमध्ये नोकरी केलीय म्हणून पोटतिडकीनं लिहितोय. तिथले मच्छीमार टुना गळानं धरतात, दांडी आणि दोरी, एकेक मासा, जाळं फिरवून सगळं उपसत नाहीत. आणि टुनाचा थवा कुठंय हे त्यांना पक्षी सांगतात, सुरय जिथं घिरट्या घालतात तिथं होडी वळवायची. म्हणजे त्यांना पक्षी जगायला हवेच आहेत. कवरत्तीजवळ पिट्टी नावाचं छोटंसं निर्मनुष्य बेट आहे, सुरयांच्या विणीची जागा, ते राखीव आहे. चेरियापानीला २०२० मध्ये समुद्रकाकडीसाठी (काकडीच्या आकाराचा समुद्री प्राणी) २३९ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र केलं, कारण २००१ पासून कायद्यानं पूर्ण बंदी असूनही चोरून नेतात. एवढ्या समुद्रावर पहारा कोण देणार? गस्तीची एखादी बोट कुठं कुठं पुरणार? रोज पहाटे निघणारा मच्छीमारच आधी बघतो परकी होडी आली की. त्याला बाहेर काढून राखीव क्षेत्र टिकत नाही.

प्रवाळ_नांदेड
दादा, बरोबर आहे, हे मी आधीच लिहायला पाहिजे होतं, पण आता सर दोन्ही बाजू नेतील वर्गात. त्यात एक जोडते, नारळाचं. पाल्मायरा म्हणून हवाईच्या दक्षिणेला प्रवाळ बेट आहे, तिथंही राखीव समुद्र आहे आणि २०११ ला उंदीर संपवले. तिथं असं दिसलं की स्थानिक झाडं तोडून नारळ लावला तिथं पक्षी कमी बसतात, पक्षी कमी तर खत कमी, खत कमी तर किनाऱ्याजवळच्या पाण्यात प्लवक (तरंगणारे बारीक जीव) कमी, आणि ते प्लवक खाणारे मोठे मांटा मासे स्थानिक झाडांच्या किनाऱ्याला जास्त येतात. झाडापासून माशापर्यंत सरळ साखळी दाखवता येते, फळ्यावर काढायला पण सोपी.

पैठणकर_पक्षीमित्र
समुद्र लांब आहे म्हणून पोरांना हे फक्त पुस्तकातलं वाटू देऊ नका. आपल्या नाथसागरातही (पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात) बेटं आहेत, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. नदी सुरय उघड्या वाळूवर, खडकावर अंडी घालतो, साधारण मार्च ते मे, आणि नेमकं तेव्हाच धरणाचं पाणी उतरतं. बेट काठाला जोडलं गेलं की कुत्री चालत जातात. चागोसला जे उंदीर करतात तेच इथं कुत्री करतात.

सर, सहल आणणार असाल तर आधी वनखात्याची परवानगी काढा आणि पोरांना काठावरूनच दुर्बिणीनं घरटी मोजायला लावा, कुठल्या बेटाला पाणी आहे आणि कुठलं जोडलं गेलंय ते वहीत लिहायला सांगा. बेटावर मात्र कुणालाच उतरू देऊ नका, माणूस दिसला की पक्षी उठतो आणि एप्रिलच्या उन्हात उघडं पडलेलं अंडं थोड्या वेळात भाजतं. चांगली दुर्बीण नसेल तर कळवा, आमच्या ग्रुपमधून देतो.