'चतुरस्र', 'अष्टपैलू' की 'चरित्र अभिनेत्री'?

कोरा_कागद
रीमा लागू यांच्यावरचं एक इंग्रजी टिपण मराठीत आणायचं आहे आणि गाडी पहिल्याच वाक्यात अडली आहे. मूळ शब्द असे: 'व्हर्सटाइल कॅरेक्टर अ‍ॅक्ट्रेस ऑफ स्टेज अँड स्क्रीन'. कॅरेक्टर अ‍ॅक्ट्रेस म्हणजे नायिकेची नव्हे, तर आई-सासू अशी इतर कामं करणारी. 'रंगमंच व पडद्यावरील चतुरस्त्र चरित्र अभिनेत्री' असं करून दिलं. तपासणाऱ्यांनी 'चरित्र'चं 'चारित्र्य' केलं. ते चालणार नाही हे उघड आहे, पण मग काय लिहावं?

मुद्रितशोधक
'चारित्र्य' म्हणजे शील. त्याचा इथे काहीच संबंध नाही. पण 'चरित्र'ही नको. मराठीत चरित्र म्हणजे जीवनकथा. चरित्रकार, चरित्रनायक, चरित्रपट हे सगळे शब्द त्याच अर्थाचे आहेत. 'चरित्र अभिनेत्री' म्हटलं की चरित्रपटांतून काम करणारी बाई डोळ्यांसमोर येते. हिंदीत चरित्र म्हणजे पात्रही होतं, म्हणून तिथे तो जोड बसतो. आपल्याकडे तो हिंदी सिनेमाच्या बातम्यांबरोबर जसाच्या तसा आला.
आणि 'चतुरस्त्र' नव्हे, 'चतुरस्र'. अस्र म्हणजे कोन, कोपरा. चतुर् + अस्र. स ला थेट र जोडायचा, मध्ये त घालायचा नाही. सहस्र, स्रोत, हिंस्र, अजस्र या शब्दांतही हाच त घुसवला जातो.

विंगेतून
नाटकात 'चरित्र अभिनेत्री' कुणी म्हणत नाही. आईची कामं, सासूची कामं असंच म्हणतात, भूमिकेला सरळ 'काम'. पण मला मोठी अडचण वेगळीच दिसते. ते विशेषण रीमा यांच्या अर्ध्याच कारकीर्दीला लागू पडतं. 'कयामत से कयामत तक' (1988), 'मैंने प्यार किया' (1989), 'हम आपके हैं कौन' (1994) या सगळ्यांत त्या आई. 'वास्तव'मध्ये (1999) तर संजय दत्तची आई. त्यांचा जन्म 1958चा, त्याचा 1959चा. हिंदी सिनेमाने त्यांना ज्या खणात ठेवलं, त्याचं नाव ते.
रंगभूमीवर काय होतं? 'सविता दामोदर परांजपे'त मुख्य भूमिका. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मध्ये समोर नाना पाटेकरांचा गुलाबराव आणि तितक्याच ताकदीने उभी राहिलेली अंबिका. तिला 'सहाय्यक' किंवा 'चरित्र' म्हणणं म्हणजे नाटक न पाहता लिहिणं. वाक्य तोडा. रंगभूमीवर नायिका, हिंदी पडद्यावर आईच्या भूमिका, असं दोन भागांत सांगा.

चालेल_ते_खरं
शब्दाचा अर्थ सरकतो, त्यात एवढं काय? तुम्ही आत्ता 'कारकीर्द' लिहिलंत. तो फारसीतून आलेला शब्द, जुन्या मराठीत राजाची किंवा अंमलदाराची राजवट या अर्थाचा. आज नटीची कारकीर्द म्हटलं तर कुणी दचकत नाही. 'चरित्र अभिनेता'ही वर्तमानपत्र वाचणाऱ्याला बिनचूक कळतो. कळतंय ते खोडू नका.

मुद्रितशोधक
'कारकीर्दी'चा जुना अर्थ मागे पडला, म्हणून नव्याला जागा झाली. 'चरित्रा'चा जुना अर्थ अजून रोजच्या वापरात आहे. एकाच लेखात 'त्यांचे चरित्र' आणि 'चरित्र अभिनेत्री' आले की वाचक अडखळणारच.

पैलू_पाडणारा
'अष्टपैलू' लिहा, प्रश्न मिटला. सरळ आणि सगळ्यांच्या ओळखीचा शब्द आहे.

मुद्रितशोधक
अष्ट संस्कृत, पैलू फारसी 'पहलू'वरून. संकर आहे, शिवाय क्रिकेटवाल्यांनी तो बॅट आणि चेंडू एवढ्यापुरता करून ठेवला आहे.

पैलू_पाडणारा
संकर असला म्हणून काय झालं? रत्नाला पैलू पाडतात, त्यातून तो आला. 'श्रीमान श्रीमती'तली कोकिळा, 'तू तू मैं मैं'मधली सासू आणि 'पुरुष'मधली अंबिका ही एकाच बाईची कामं आहेत, हे सांगायला याहून नेमका शब्द दाखवा. खेळात दोन अंगं पुरत असतील, पण शब्दाने आठाची सोय ठेवलेली आहे. शुद्ध म्हणून 'चतुरस्र' घेतलात तर चारच मिळतील!

त्र्यस्र
चतुरस्रातले चार मोजायचे नसतात. शब्दाचा मूळ अर्थ चौकोनी, त्यावरून सर्व बाजूंनी प्रमाणबद्ध, कुठे उणं नाही असा. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात कालिदास पार्वतीच्या देहाला 'चतुरस्रशोभि' म्हणतो, ते याच अर्थाने. आणि रंगभूमीशी त्याचं नातं थेट आहे. नाट्यशास्त्रात नाट्यमंडपाचे तीन आकार सांगितलेत: विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र. विकृष्ट लांबट, मध्यम मापाचा 64 हात लांब आणि 32 हात रुंद. चतुरस्र 32 बाय 32. त्र्यस्र तिकोनी. नाटकातल्या बाईला हा शब्द शोभतो.

चालेल_ते_खरं
चतुर + अस्त्र, म्हणजे चार अस्त्रं हाताशी असलेली कलावंत, असाही अर्थ लावतात. अभिनेत्रीला तोही बरा बसतो.

त्र्यस्र
चतुर म्हणजे हुशार, चार नव्हे. चाराला चतुर् लागतो. चतुर् + अस्त्र = चतुरस्त्र हे व्याकरणात बसतं, म्हणून तर चूक इतकी टिकली. पण तो शब्द वेगळा आणि त्याचा हा अर्थ कुठल्या जुन्या वापरात नाही. मूळ शब्द माहीत नसला की असे अर्थ मागाहून रचले जातात.

विंगेतून
'रंगमंच'ही बदला. रंगमंच म्हणजे ज्यावर उभं राहायचं ती जागा. परंपरा आणि व्यवसाय या अर्थाने रंगभूमी. 'पडदा'ही एकटा सोडू नका, नाटकालाही पडदा असतो. मोठा पडदा, छोटा पडदा असं लिहा. रीमा यांच्याबाबत छोटा विसरता येणारच नाही.
नाटकांची सालं देताना पुस्तकावरचं साल उचलू नका. छापील आवृत्ती कधी प्रयोगाच्या आधी येते, कधी नंतर. शुभारंभाच्या प्रयोगाचं साल हवं. आणि भूमिका मूळ संचातली की नंतरच्या, हेही पाहा. नाटक नव्या संचात येतं, जाहिरातीत नाव तेच राहतं, आणि लेखात दोन अभिनेत्रींची कामं एकीच्या नावावर जातात. 'शांतता! कोर्ट चालू आहे'च्या बाबतीत 1967चा प्रयोग आणि 1971चा चित्रपट असा घोळ होऊ शकतो. सुलभा देशपांडे दोन्हींकडे बेणारे, म्हणजे मुख्य पात्र, असल्यामुळे तिथे निभावतं, सगळीकडे निभावत नाही.

कोरा_कागद
'रंगभूमी, चित्रपट आणि मालिका या तिन्हींत वावरलेली चतुरस्र अभिनेत्री' असं केलं तर? 'कॅरेक्टर' गाळलं आहे.

पैलू_पाडणारा
'वावरलेली' फार मवाळ. आणि चतुरस्र छापताना कुणीतरी पुन्हा त घालणार.

मुद्रितशोधक
घालू दे, पुन्हा काढू. 'सहाय्यक'चं मात्र राहून गेलं. 'सहायक' किंवा 'साहाय्यक' लिहा. 'सहाय्यक' हे रूप दोन्हींच्या मधलं आहे.

विंगेतून
राष्ट्रीय पुरस्कारांच्या मराठी बातम्यांत 'सहाय्यक अभिनेत्री'च असतं की.

मुद्रितशोधक
असतं. तेही चुकीचंच असतं.