शब्दचर्चा: ‘सिंडर कोन’ला मराठीत काय म्हणावं?

दारव्हा: गावच्या वाचनालयासाठी भूगोलाचे तक्ते करून राहिलो. एका चित्रात सिंडर कोन आहे, म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडाभोवती साचलेली टेकडी. ‘अंगारशंकू’ पोरांच्या तोंडात बसत नाही. ‘राखेची टेकडी’ चालेल का?

अकोट: राख नका लिहू. बारीक राख वाऱ्यावर लांब जाते, ही टेकडी उभी राहते जड तुकड्यांनी. वायूने फुगलेला शिलारस तोंडातून वर उडतो, हवेतच थिजतो आणि बोराएवढे, मुठीएवढे खडे होऊन तोंडाभोवतीच पडतो. ‘अंगार’ही फसवाच, त्यात जळण्यासारखं काहीच नसतं.

वणी: मग ‘खंगर’ घ्या ना! विटभट्टीत आच जास्त लागून वितळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या विटेला भट्टीवाले खंगर म्हणतात. काळपट-लालसर, भोकंच भोकं, कडेला हात लागला की सालटं निघतं. या टेकडीचा दगड, म्हणजे स्कोरिया, रंगानं आणि अंगानं तसाच. भट्टी नसलेलं गाव आपल्याकडं दाखवा, म्हणजे समजवायचीही गरज नाही.

दारव्हा: शब्द जमला भाऊ. पण विहीर खोदताना आमच्याकडंही भोकाचा काळा दगड निघतो. तोही खंगरच का?

अकोट: नाही. तो दख्खनच्या लाव्ह्याचा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लांबलांब भेगांतून पातळ लाव्हा आला आणि थरावर थर पसरत गेला. प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्यांत पांढरी खनिजं भरली. विहिरीच्या दगडातले पांढरे ठिपके तेच. तो दगड वाहत आला, हवेत उडाला नाही. म्हणून आपल्या टेकड्यांचे माथे सपाट.

मेहकर: आणि कोणी लोणारचं नाव घेण्याआधीच सांगतो, ते ज्वालामुखीचं तोंड नाही. अशनी आदळून झालेला खड्डा आहे, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. तक्त्यावर शेजारी छापू नका, पोरं घोळ करतील.

वणी: ‘शंकू’ ठेवायचा की ‘टेकडी’?

अकोट: टेकडी. शंकूला टोक असतं, इथं माथ्यावर वाटीसारखं तोंड. उतार मात्र नेमका: साधारण 30 ते 35 अंश. खळ्यावर धान्याची रास घातली की ठरावीक उतारापुढं दाणा थांबत नाही, घसरतो, तसंच हे. खडे सुटे असल्यामुळं आणखी एक गंमत होते. वर चढणारा लाव्हा ही सैल टेकडी पेलू शकत नाही, म्हणून तो बहुधा माथ्यावरून न सांडता पायथा फोडून निघतो. मेक्सिकोतला पारिकुटिन ज्वालामुखी 20 फेब्रुवारी 1943 ला मक्याच्या शेतात फुटला. वर्षभरात टेकडी 300 मीटरांच्या पुढं गेली, 1952 ला थंडावली. जवळच्या सान हुआन गावावर लाव्हा चढला. चर्चचा मनोरा अजून त्यातून वर दिसतो.

मेहकर: भारतातलं उदाहरण द्यायचं तर अंदमानातलं बॅरन बेट घ्या. जुन्या ज्वालामुखीच्या मोठ्या कढईत मधोमध अशीच टेकडी आहे. जवळपास दीडशे वर्षं गप्प होता, 1991 ला परत जागा झाला.

दारव्हा: ठरलं. ‘खंगरटेकडी’ मोठ्या अक्षरात, खाली बारीक ‘सिंडर कोन’.

वणी: जोडून नका लिहू जी, ‘खंगराची टेकडी’ लिहा. पाचवीचं पोरगं जोडशब्दावर अडते.